मॅकडॉवेल काउंटी: रंग बदलायच्या आधी काय काय बदललं

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेतल्या काही खेडवळ काउंट्या पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत होत्या आणि आता तिथेच ट्रम्प यांना पाऊण हिस्सा मतं पडतात. माणसं बदलली की पक्ष बदलला? आणि अध्यक्षीय निवडणुकांतल्या अशा लांब पल्ल्याच्या बदलाचा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करायची?"

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते. गेली बावीस वर्षं मी निवडणुकांच्या आकड्यांवर पोट भरते. सुरुवात पुण्यात घरोघर हिंडून प्रश्नावल्या भरण्यापासून झाली, नंतर ओहायोत आले. या काळात एका काउंटीचे आकडे मी इतक्या वेळा उघडले आहेत की तिच्यावरच बोलणं बरं. सगळ्या ग्रामीण अमेरिकेबद्दल एकदम बोलायला गेलं की बोलणं हवेत जातं.

ती काउंटी म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाची मॅकडॉवेल. क्षेत्रफळ साधारण 1,380 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका. मुख्य गाव वेल्च. डोंगर इतके अंगावर आलेले की सपाट जमीन म्हणजे फक्त ओढ्याकाठची पट्टी, आणि त्या पट्टीत रस्ता, रेल्वेचे रूळ, घरं आणि चर्च एकमेकांना खेटून बसलेली. वेल्चमध्ये गाड्या लावायला जागा पुरेना म्हणून 1941 साली गावानं पार्किंगची मजलेदार इमारत बांधली. पालिकेच्या मालकीची अशी देशातली ती पहिली इमारत, असं तिथले लोक अजून अभिमानानं सांगतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भर दुपारी मला गाडी हवी तिथे लावता आली.

मतांचा तक्ता उघडण्याआधी दोन आकडे लिहून ठेवा. 1950 च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या 98,887 होती. 2020 मध्ये 19,111. पाच माणसांतलं एक उरलं. पुढचं सगळं या दोन आकड्यांच्या सावलीत वाचायचं आहे.

आता तक्ता. 1920 च्या दशकापर्यंत मॅकडॉवेल रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला होता. हे ऐकून बरेच जण चमकतात. 1936 पासून 2008 पर्यंत अध्यक्षपदासाठी इथून डेमोक्रॅटिक उमेदवारच पुढे राहिला, अपवाद एकच, 1972 ची निक्सन लाट. 2008 ला ओबामांना सुमारे 53 टक्के मतं होती. चार वर्षांनी रिपब्लिकन रॉम्नींना 64. ट्रम्प यांना 2016 ला 74, 2020 ला जवळपास 79 आणि 2024 ला ऐंशीच्या आसपास. म्हणजे तुम्ही जिला "आता उलटली" म्हणता ती काउंटी शंभर वर्षांत दोनदा उलटली आहे. दुसऱ्या वेळचं कोडं सोडवायचं तर पहिल्या वेळेला काय झालं ते पाहावं लागतं.

त्याआधी रंगाबद्दल. नकाशावर 2008 पर्यंत ही काउंटी निळी, म्हणजे डेमोक्रॅटिक दिसते आणि 2012 ला लाल, म्हणजे रिपब्लिकन. वाचणाऱ्याला वाटतं, चार वर्षांत काहीतरी भयंकर घडलं. तसं नाही. कुठल्याही काउंटीची टक्केवारी एकटी वाचायची नसते, ती देशाच्या शेजारी ठेवून वाचायची. 2000 साली डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर देशभरात मतांमध्ये जेमतेम अर्ध्या टक्क्यानं पुढे होते, आणि मॅकडॉवेलमध्ये त्यांना सुमारे दोन-तृतीयांश मतं होती, म्हणजे तीस-पस्तीस गुणांची आघाडी. 2004 ला केरी देशात अडीच टक्क्यांनी मागे पडले, इथे त्यांना 62 टक्क्यांच्या आसपास पडली. 2008 ला ओबामा देशात सात गुणांनी पुढे होते. इथे साडेआठ. म्हणजे देशापेक्षा तीस गुणांनी जास्त डेमोक्रॅटिक असलेली काउंटी आठ वर्षांत देशाच्या बरोबरीला येऊन बसली होती. घसरगुंडीचा अर्धा उतार निळ्या रंगाखाली झाकलेला होता. 2012 ला फक्त पन्नासची रेघ ओलांडली गेली, आणि नकाशे काढणाऱ्यांना जाग आली.

हे मी आज शहाणपणानं सांगते आहे, पण 2012 ला मी स्वतः तोंडघशी पडले होते. तेव्हा मी जिथे काम करत होते तिथे माझ्याकडे अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ काउंट्यांचा अंदाज बांधायचं काम होतं. मी पक्षनोंदणीला फार वजन दिलं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मतदार यादीतच नावापुढे पक्ष लिहिलेला असतो, आणि मॅकडॉवेलमध्ये डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांची संख्या समोरच्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होती. मला वाटलं, एवढे लोक कुठे जाणार? गेले. नोंदणी ही मतदाराच्या आजच्या मनाची खूण नसते. ती त्याच्या अठराव्या-एकविसाव्या वर्षाची खूण असते, बहुतेक वेळा त्याच्या बापाच्या मनाची. शिवाय ज्या गावात शेरीफपासून शाळा मंडळापर्यंत सगळं डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीतच (पक्ष आपला उमेदवार निवडतो त्या मतदानात) ठरतं, तिथे त्या पक्षात नाव ठेवणं ही सोय असते, निष्ठा नव्हे. आणि इशारा माझ्या डोळ्यांपुढे होता. त्याच वर्षी मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत विद्यमान अध्यक्ष ओबामांच्या विरोधात टेक्सासच्या तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कीथ जड या कैद्यानं फॉर्म भरला होता. त्याला 41 टक्के मतं पडली. ऑफिसात आम्ही सगळे हसलो आणि कामाला लागलो.

आता मूळ गोष्ट. माझं या बाबतीतलं म्हणणं एवढंच आहे: "लोक का बदलले" हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, त्यांना एका पक्षाला बांधून ठेवणारी दोरी कोणती होती, ती कोणी वळली आणि ती कधी तुटली. मतं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुटतात.

मॅकडॉवेलची पहिली दोरी रिपब्लिकन होती, आणि तिला दोन पीळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली आणि पोकाहोंतास पट्ट्यातला कोळसा बाहेर निघू लागला. खाणींना माणसं हवी होती. दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कामगार आले, आणि एका वेळी काउंटीतला दर चौथा माणूस कृष्णवर्णीय होता. शेजारच्या व्हर्जिनियात त्यांना मतपेटीपासून लांब ठेवायला कर होते, परीक्षा होत्या. वेस्ट व्हर्जिनियानं तसे कायदे केले नाहीत, डोंगर ओलांडला की मताचा हक्क मिळत होता. आणि त्या काळचा कृष्णवर्णीय मतदार लिंकनच्या पक्षाला, म्हणजे रिपब्लिकनांना मत देई. इथल्या संघटित कृष्णवर्णीय मतांची ताकद एवढी की 1928 साली मिनी बकिंगहॅम हार्पर या मॅकडॉवेलच्या बाई पतीच्या निधनानंतर राज्याच्या विधिमंडळात नेमल्या गेल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. दुसरा पीळ कंपनीचा. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगाराचा काही भाग कंपनीच्याच नाण्यांत, आणि बंदूकधारी पहारेकरीही कंपनीचे. कंपनीचा कल रिपब्लिकनांकडे. मतदान कसं होत असेल याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. 1 ऑगस्ट 1921 रोजी वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर कामगारांच्या बाजूचा समजला जाणारा पोलिसप्रमुख सिड हॅटफील्ड याला कंपनीच्या डिटेक्टिव्हांनी भरदिवसा गोळ्या घातल्या. त्या पायऱ्या अजून आहेत, चांगल्या चढणीच्या.

ही दोरी 1933 मध्ये तुटली. रूझवेल्ट सरकारच्या कायद्यानं कामगारांना संघटना करायचा हक्क मान्य केला, आणि युनायटेड माइन वर्कर्स या युनियननं काही आठवड्यांत दक्षिण वेस्ट व्हर्जिनियाचा कोळसा पट्टा आपल्या झेंड्याखाली आणला. जिथे युनियनचं नाव काढलं तर घरातून सामान रस्त्यावर येई, तिथे युनियनचे हॉल उभे राहिले. इथून नवी दोरी वळायला सुरुवात झाली. मतं लगेच फिरली, कारण नवी दोरी पोटाशी बांधलेली होती. तासांची मर्यादा, पगार, पुढे 1946 च्या करारातून आलेला आरोग्य आणि निवृत्तीचा निधी.

ती दोरी नेत्यापेक्षाही जाड होती. जॉन एल. लुइस हे युनियनचे सर्वेसर्वा, खाणकामगारांच्या घरांत त्यांची तसबीर रूझवेल्टच्या शेजारी लागे. लुइस 1940 मध्ये रूझवेल्टवर रागावले आणि त्यांनी रेडिओवरून सांगितलं, या वेळी रिपब्लिकन विल्की यांना मत द्या. कामगारांनी तसबीर काढली नाही आणि ऐकलंही नाही. मॅकडॉवेल रूझवेल्टकडेच राहिली. नेत्याच्या सांगण्यावरून गठ्ठा मतं इकडून तिकडे जातात असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे उदाहरण देते.

1960 साली केनेडी प्राथमिक फेरीसाठी इथे आले. कॅथलिक उमेदवार प्रोटेस्टंट राज्यात चालतो का, याची ती परीक्षा होती, आणि चालला. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी अन्नकुपनांची योजना प्रयोग म्हणून सुरू केली, आणि 29 मे 1961 रोजी पहिली कुपनं वेल्चमध्येच दिली गेली. पंधरा माणसांच्या एका खाणकामगार कुटुंबानं 95 डॉलरची कुपनं घेतली आणि दुकानातून पहिली वस्तू उचलली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा डबा. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे कोण, हे या काउंटीत कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. तो स्वयंपाकघरात होता.

पण त्याच्या दहा वर्षं आधीपासून खालून दोरी कुरतडली जात होती, आणि गंमत अशी की कुरतडणाऱ्यांत युनियनही होती. 1950 च्या करारात लुइस यांनी यंत्रं मान्य केली. जे कामावर राहतील त्यांना चांगला पगार आणि निधीला टनामागे पैसे, बदल्यात यंत्रं येतील आणि माणसं कमी होतील. माणसं गेली ती क्लीव्हलंडला, डेट्रॉइटला, शार्लटला. 1960 ला लोकसंख्या 71 हजार, 1970 ला 50 हजार. सत्तरच्या दशकात तेलाच्या किमती भडकल्या, कोळशाला भाव आला आणि गळती थांबली. मग 1980 च्या दशकात पोलाद धंदा कोसळला. गॅरी गावाभोवतीच्या यू. एस. स्टीलच्या खाणी 1986 पर्यंत बंद झाल्या. 1990 ला 35 हजार.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाहा: दोरी तुटली आणि मतं हलली नाहीत. 1988, 1992, 1996 आणि 2000 साली काउंटी डेमोक्रॅटिकच राहिली. का? कारण निवृत्त खाणकामगाराचं पेन्शन युनियनच्या निधीतून येत होतं. कोळशाच्या धुळीनं होणाऱ्या काळ्या फुफ्फुसाच्या आजाराची भरपाई सरकारकडून येत होती, आणि ती मिळवून दिली कुणी हे त्याला पाठ होतं. खाण बंद झाली तरी तो जिवंत होता, मत देत होता. त्याचा मुलगा तिथे होता, पण मुलाच्या खिशात युनियनचं कार्ड नव्हतं. तो लाकूड कापायला जात असेल, ट्रक चालवत असेल, कंत्राटी खाणीत युनियनशिवाय काम करत असेल. दोरी तुटल्यापासून मतं सुटेपर्यंत पाव शतक गेलं. साधारण एका पिढीच्या अंत्ययात्रा निघायला लागतो तेवढाच हा काळ.

2017 च्या सुमारास मी किंबॉलजवळ अशाच एका निवृत्त खाणकामगाराच्या घरी बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, नाकाला ऑक्सिजनची नळी. मी मतांबद्दल विचारलं तसं त्यांनी स्वयंपाकघरातला खण ओढला आणि रबरबँडनं बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला. पत्त्यांएवढी पिवळी पडलेली कार्डं. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात त्याला स्लेट म्हणतात. मतपत्रिका हातभर लांब, वर राष्ट्राध्यक्ष आणि खाली शाळा मंडळापर्यंत पंचवीस-तीस पदं. कुणाला आठवणार? म्हणून केंद्राबाहेर हातात कार्ड दिलं जाई, त्यावर नावांची यादी छापलेली. यांची कार्डं युनियनच्या हॉलमधून येत. सगळ्यात वरचं कार्ड 1980 च्या दशकातलं होतं. त्यानंतरचं एकही नव्हतं. मी विचारलं, नंतर कार्डं मिळाली नाहीत का? ते म्हणाले, द्यायला कुणी उभंच राहिलं नाही. मला त्या दुपारी सगळी काउंटी कळली असं मी म्हणणार नाही, पण माझ्या तक्त्यात नसलेला एक रकाना कळला.

आता नेहमीचं स्पष्टीकरण घेऊ: "ओबामांनी कोळशाविरुद्ध युद्ध पुकारलं म्हणून लोक गेले." अर्धं खरं आहे. भावना खरी आहे यात शंका नाही. 2008 ला ओबामांना पाठिंबा देणाऱ्या युनियननं 2012 आणि 2016 ला कुणालाच पाठिंबा दिला नाही, हे त्या भावनेचं मोजमाप समजा. हिलरी क्लिंटन 2016 च्या मार्चमध्ये ओहायोतल्या एका सभेत खाणकामगारांना बेकार करण्याबद्दल जे बोलून गेल्या ते वाक्य नंतर सहा महिने टीव्हीवर वाजत राहिलं, आणि त्याआधीच्या-नंतरच्या वाक्यांत त्या काय म्हणाल्या होत्या याचं कुणाला काही पडलं नव्हतं. पण धंद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर मॅकडॉवेलचा नावाजलेला कोळसा वीजकेंद्रात जाळायचा नाहीच, तो पोलादासाठी कोक करायचा. त्याचा भाव वॉशिंग्टनच्या प्रदूषण नियमांपेक्षा चीनच्या भट्ट्या आणि ऑस्ट्रेलियातली वादळं जास्त ठरवतात. 2016 मध्ये चीननं स्वतःच्या खाणींवर बंधनं आणली तसा हा भाव उसळला, काही खाणी पुन्हा सुरू झाल्या, आणि श्रेय नव्या अध्यक्षांच्या पदरात पडलं. राजकारणात वेळ साधण्याला काही मोल असतंच. मुद्दा असा की नियमांनी नोकऱ्या घालवल्या हे इथे फारसं खरं नाही, आणि नियमांनी मतं घालवली हे बरंचसं खरं आहे. या दोन वाक्यांची गल्लत करून कित्येक लेख लिहिले गेले आहेत.

वर्णाचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. 2008 च्या प्राथमिक फेरीत हिलरींनी ओबामांविरुद्ध हे राज्य 67 विरुद्ध 26 असं जिंकलं, आणि बाहेर पडणाऱ्या गोऱ्या मतदारांपैकी पाचातल्या एकानं उमेदवाराचा वर्ण आपल्याला महत्त्वाचा वाटल्याचं पाहणीत सांगितलं. सांगितलं एवढ्यांनी, न सांगणारे वेगळे. पण नुसता वर्ण धरला तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅकडॉवेलनं ओबामांना 53 टक्के दिली कशी, आणि 2016 ला दोन्ही उमेदवार गोरे असताना घसरण का चालू राहिली, याचं उत्तर मिळत नाही. माझा हिशेब असा की वर्णामुळे सुटू पाहणारी मतं लवकर सुटली. गाठ आधीच सैल होती.

आता आकडे वाचायची पद्धत, कारण तुम्हाला अभ्यास करायचा आहे. टक्केवारी बाजूला ठेवा आणि कच्ची मतं घ्या. 2008 ला ओबामांना सुमारे 3,400 आणि मॅकेन यांना सुमारे 2,900. 2016 ला हिलरींना सुमारे 1,400 आणि ट्रम्प यांना सुमारे 4,600. डेमोक्रॅटिक बाजूला दोन हजार कमी, रिपब्लिकन बाजूला सतराशे जास्त. पाहताक्षणी वाटतं की सतराशे माणसांनी पक्ष बदलला. असा निष्कर्ष काढू नका. आठ वर्षांत या काउंटीत शेकडो म्हातारी माणसं गेली, शेकडो तरुण नोकरीसाठी बाहेर पडले, आणि पूर्वी घरी बसणारे काही जण पहिल्यांदा मतदानाला आले. पक्ष बदलणारे, मरून किंवा गाव सोडून यादीतून गेलेले, आणि कधी येणारे कधी न येणारे, असे तीन ओघ एकाच आकड्यात मिसळलेले आहेत. ते वेगळे करायला मतदारांची वैयक्तिक नोंद लागते. अमेरिकेत कोणत्या निवडणुकीत कोणी मतदान केलं ही नोंद उपलब्ध असते, कोणाला केलं ही अर्थातच नसते. मग वयाप्रमाणे ताडून पाहावं लागतं, कष्टाचं काम आहे. मी केलं त्यात मला पक्ष बदललेल्यांपेक्षा गेलेल्यांच्या जागी नव्यानं आलेले जास्त दिसले, पण ही माझी समजूत समजा, निकाल नव्हे.

आणि न आलेले विसरू नका. 2016 ला मॅकडॉवेलमध्ये नोंदणीकृत मतदारांपैकी 36 टक्क्यांच्या आसपास लोकांनीच मत दिलं. अशा काउंटीत यादी फुगलेली असते, गाव सोडलेल्यांची नावं वर्षानुवर्षं निघत नाहीत, तरीही हा आकडा फार खाली आहे. सगळं जग "मॅकडॉवेल ट्रम्पची झाली" म्हणत होतं तेव्हा तिथला सगळ्यात मोठा गट मतदानालाच न गेलेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्स यांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत राज्यातल्या सगळ्या 55 काउंट्या जिंकल्या होत्या. या सगळ्याला "उजवीकडे झुकणं" म्हणायला माझी जीभ अडखळते.

एक बारीक सापळा सांगते, मी त्यात पडता पडता वाचले आहे. वेल्चजवळ मोठा केंद्रीय तुरुंग आहे. कैदी जनगणनेत तिथले रहिवासी म्हणून मोजले जातात, पण मत देऊ शकत नाहीत. त्यामुळे 19,111 या आकड्यात मतदानाशी संबंध नसलेली बरीच डोकी आहेत, आणि कृष्णवर्णीयांचं प्रमाण, जे आता दहापैकी एकाच्याही खाली आहे, ते गावांत प्रत्यक्ष दिसतं त्यापेक्षा कागदावर मोठं आहे. लोकसंख्या आणि मतं एका आलेखावर मांडण्याआधी तुरुंग, वसतिगृहं, लष्करी तळ कुठे आहेत ते बघा.

माझ्या दोरीच्या सिद्धांताला कसोटी लावायची तर खाण नसलेली काउंटी हवी. केंटकीतली इलियट घ्या. 1869 साली स्थापन झाल्यापासून 2012 पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक. 1972 ला सुद्धा, तेव्हा डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न देशभर आपटले होते आणि इथे आरामात जिंकले. 2012 ला ओबामा अवघ्या साठ मतांनी पुढे राहिले आणि 2016 ला ट्रम्प यांना 70 टक्के. इथे युनियनची फौज नव्हती. इथे तंबाखू होता. 1930 च्या दशकापासून सरकारी कोट्यामुळे लहान शेतकऱ्याला दोन-चार एकरांवर भावाची हमी होती, आणि तो कोटा 2004 च्या कायद्यानं मोडीत निघाला. ही दोरी मॅकडॉवेलपेक्षा बारीक होती. पण इलियटमध्ये दुसरी एक होती: कोर्टहाऊस. काउंटीच्या नोकऱ्या, रस्त्यांची कामं, ओळखीपाळखी, सगळं एका पक्षातून चालायचं. ती दोरी लगेच पूर्ण तुटली नाही. 2019 ला गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार अँडी बेशिअर इथून पुढे होते, ट्रम्प यांनी ही काउंटी सत्तर टक्के मतं घेऊन जिंकल्यावर तीन वर्षांनी.

म्हणून अध्यक्षपदाच्या मतावरून काउंटीचा अख्खा स्वभाव ठरवू नये. वेस्ट व्हर्जिनियानं 2016 ला ट्रम्प यांना दोन-तृतीयांशाहून जास्त मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर जिम जस्टिस या डेमोक्रॅटिक उमेदवाराला गव्हर्नर केलं. (ते पुढच्याच वर्षी ट्रम्प यांच्या सभेत पक्ष बदलून मोकळे झाले.) अध्यक्ष लांबचा असतो, त्याच्यावरचा राग स्वस्त असतो. शेरीफ शेजारचा असतो. मतं आधी वरच्या ओळीवर बदलतात आणि हळूहळू मतपत्रिकेवरून खाली उतरतात. या राज्याचं विधिमंडळ 2014 च्या निवडणुकीत फिरलं, पुढच्याच वर्षी एका खुणेत सगळ्या पक्षाला मत द्यायची सोय रद्द झाली, आणि नोंदणीत रिपब्लिकन पुढे गेले ते 2021 च्या सुरुवातीला. म्हणजे ज्या नोंदणीवर मी 2012 ला भिस्त ठेवली होती ती सगळ्यात शेवटी बदलली.

माणसं बदलली की पक्ष, याचं उत्तर आता देता येईल. दोघंही बदलले, पण त्यांच्यामध्ये जे उभं होतं ते नाहीसं झालं हे जास्त खरं. युनियनचा हॉल, केंद्राबाहेर कार्ड देणारा माणूस, पेन्शनची आठवण. ते गेल्यावर मतदाराला पक्ष टीव्हीवर भेटतो, आणि टीव्हीवरचा डेमोक्रॅटिक पक्ष न्यूयॉर्कचा आणि कॅलिफोर्नियाचा असतो. बंदूक, गर्भपात हे विषय 1980 मध्येही होते. तेव्हा ते हॉलच्या दारात अडवले जात.

महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यावर असाच अभ्यास करायचा म्हणाल तर मोठी अडचण सीमेची येईल. अमेरिकन काउंटीच्या हद्दी बहुतेक ठिकाणी शंभर-शंभर वर्षं हललेल्या नाहीत, म्हणून 1928 आणि 2024 शेजारी ठेवता येतात. आपल्याकडे 2008 च्या पुनर्रचनेनं मतदारसंघ मोडून नवे केले. 2004 चा आणि 2009 चा मतदारसंघ नावानं एक असला तरी गावं वेगळी. तेव्हा मतदारसंघ सोडा आणि फॉर्म 20 या अधिकृत निकालपत्रकातले केंद्रनिहाय आकडे घेऊन गावापर्यंत खाली जा, मग गावं जोडून स्वतःचं स्थिर क्षेत्र तयार करा. वेळखाऊ आहे, स्कॅन केलेल्या पानांवर डोळे फुटतात, पण दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

आणि मतांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने पहिल्याच दिवशी घाला. एक, त्या वर्षी त्या भागात सगळ्यात जास्त लोकांना पगार कोण देत होतं. दुसरा, मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून कोण बसलं होतं. दुसरा रकाना कुठल्याही सरकारी कागदात मिळत नाही. त्यासाठी जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं लागतं, आणि लवकर जावं लागतं.